४८ तासांची सवलत आणि कोकणातील यजमान

(गुहागर येथे घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखी रूप.)

उपस्थित बंधुभगिनींनो, आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘व्यापारी संकेतस्थळांवरील सामाजिक सोयी’, म्हणजे विक्रीच्या संकेतस्थळावर माणसांना एकमेकांशी जोडणाऱ्या सोयी, असा विषय छापलेला आहे. त्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु अल्पमुदतीच्या सवलतविक्रीबद्दल, म्हणजे ज्याला आपण सगळे फ्लॅश सेल म्हणतो त्याबद्दल बोलल्याशिवाय तिथे पोहोचता येणार नाही. मी पूर्वी पुण्यात एका प्रवासी कंपनीच्या संकेतस्थळाचे काम पाहत असे आणि आता घरच्या वाडीत पाहुणे ठेवतो, त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू मला जवळून दिसल्या आहेत. सवलत देण्यास माझी मुळीच हरकत नाही. मात्र कोणत्या तारखांना आणि किती सवलत द्यायची हे ज्याचे घर आहे त्यानेच ठरवावे, आणि पैसे भरण्यापूर्वी पाहुण्याला व यजमानाला एकमेकांशी उघडपणे बोलता यावे, एवढे माझे म्हणणे आहे.

रिकाम्या खोलीचे दुखणे इथे कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. न खपलेला बांगडा मीठ लावून सुकवता येतो. न खपलेली रात्र सुकवून ठेवता येत नाही. मार्गशीर्षातला बुधवार रिकामा गेला की तो गेलाच, मग मे महिन्यात घर कितीही भरलेले असो. विमान कंपन्यांना हे फार पूर्वी कळले. जानेवारी १९८५ मध्ये पीपल एक्स्प्रेस या स्वस्त कंपनीशी स्पर्धा करताना अमेरिकन एअरलाइन्सने सगळ्याच आसनांचे दर उतरवले नाहीत. कोणत्या उड्डाणात किती आसने रिकामी जातील याचा अंदाज बांधून तेवढीच आसने, बरेच दिवस आधी तिकीट काढण्याच्या अटीवर, स्वस्तात सोडली. आपल्याकडे २००३ साली सुरू झालेल्या एअर डेक्कनने एक रुपयाचे तिकीट काढले, तेव्हाही तो दर मोजक्या आसनांपुरताच होता. किती आसने स्वस्तात द्यायची हा निर्णय दोन्ही ठिकाणी विमान चालवणाऱ्याच्या हाती राहिला, ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी.

आज आपण पाहतो त्या सवलतविक्रीचे मूळ मात्र विमानात नाही, कपड्यांत आहे. फ्रान्समध्ये २००१ साली व्हांत-प्रिव्हे या कंपनीने नामांकित कपड्यांचा शिल्लक माल फक्त नोंदणी केलेल्या सभासदांना, थोड्या दिवसांच्या मुदतीत विकायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली गिल्ट ग्रुपने तोच मार्ग धरला आणि २००९ साली त्याच कंपनीने ‘जेटसेटर’ नावाने हॉटेलच्या खोल्या अशाच पद्धतीने विकायला काढल्या. इथे एक फरक दुर्लक्षिला गेला. गोदामात उरलेला कोट हा उरलेला आहे हे विकताना नक्की ठाऊक असते. तीन महिन्यांनंतरच्या शनिवारी माझी खोली उरणार आहे की नाही, हे आज कोणालाच ठाऊक नसते. तरीही विक्री उघडली की पाहुणा साहजिकच शनिवारच निवडतो, आणि जी खोली पूर्ण दराने गेली असती तीच निम्म्या दराने जाते. बुधवार होता तसाच रिकामा राहतो.

शिकागोत २००८ साली सुरू झालेल्या ग्रुपॉन या सवलतीची कूपने विकणाऱ्या संकेतस्थळाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल, पण त्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. सुरुवातीला तिथे ठरावीक संख्येने लोक जमले तरच सवलत लागू होत असे. त्यामुळे ज्याला ती हवी असे तो स्वतः चार मित्रांना गोळा करी, आणि दुकानदाराला एकगठ्ठा गिऱ्हाईक मिळे. सवलतीला कारण होते आणि ते सगळ्यांना दिसत होते. पुढे ही किमान संख्येची अट नावापुरती उरली आणि कमाल संख्येचा विचार तर अनेकांनी केलाच नाही. इंग्लंडमधील रेडिंग गावातल्या एका छोट्या बेकरीने २०११ साली डझनभर कपकेकवर ७५ टक्के सवलत देऊ केली. तब्बल ८,५०० लोकांनी ती घेतली आणि त्या बेकरीला १,०२,००० केक करून द्यावे लागले. ऐन वेळी जादा माणसे लावावी लागली आणि प्रत्येक डझनामागे तोटा झाला. आपल्या देशातही सप्टेंबर २०१३ मध्ये कांदा भडकला असताना ग्रुपॉनने ९ रुपये किलोने कांदा विकायला काढला, तेव्हा गर्दीने संकेतस्थळच कोलमडले. स्वस्ताईला माणसे जमतात, यात नवल नाही; जमलेल्या माणसांचे पुढे कोण काय करणार, हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्या धंद्यात त्याचे उत्तर स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या घरच्या बाईला द्यावे लागते.

आता थोडा हिशेब करू. समजा खोलीचा दर २,००० रुपये आहे. त्यावर ४० टक्के सवलत दिली की १,२०० उरतात. त्यावर संकेतस्थळाचे २० टक्के कमिशन धरले तर २४० रुपये गेले, आणि त्या कमिशनवरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर ४३ रुपये २० पैसे. हातात आले ९१६ रुपये ८० पैसे. यातून चादरी धुणे, पंपाची वीज, झाडलोट करणाऱ्या मावशींची मजुरी आणि पावसाळ्यात कौले शाकारण्याचा खर्च वजा करा. जाहिरातीत मात्र ४० टक्क्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि ते ४० टक्के कोणाच्या पदरचे आहेत हे कुठेही लिहिलेले नसते.

माझ्या स्वतःच्या घरी घडलेला प्रकार सविस्तर सांगतो, कारण त्यातूनच माझा आजचा मुद्दा तयार झाला आहे. एका मोठ्या संकेतस्थळाने ४८ तासांची ‘पावसाळी’ विक्री जाहीर केली. करारातील एका कलमाचा आधार घेऊन त्यांनी आमच्या खोल्या त्यात घातल्या आणि मला ते विक्री सुरू झाल्यावर संदेशाने कळवले. पानावर घराचे छायाचित्र होते आणि त्याच्या शेजारी, आम्ही कधीही न दिलेले, तळलेल्या सुरमईचे मोठे छायाचित्र. विक्री होती जून महिन्याची. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे; पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला ते ठाऊक असेलच असे नाही आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

एक कुटुंब आले. आजी-आजोबांसह सगळे दापोलीकडून दाभोळला आले, फेरीबोटीने धोपाव्याला उतरले आणि भर पावसात संध्याकाळी घरी पोहोचले. पहिला प्रश्न आला की आज सुरमई आहे की पापलेट. आमच्या घरी त्या दिवशी भारंगीची भाजी, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी होती. आईने ते प्रेमाने वाढले, आजोबांनी आवडीने खाल्लेही. पण पैसे भरलेल्या मुलाला आपली फसवणूक झाली असे वाटले, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसेच वाटले असते. त्याने मला सांगितले की पैसे भरण्यापूर्वी त्याने मासळीबद्दल विचारण्याचा प्रयत्न केला होता. परंतु आरक्षण पक्के होईपर्यंत यजमानाशी बोलण्याची सोयच तिथे नव्हती, आणि पानावर ‘ही शेवटची खोली’ असे लाल अक्षरांत येत होते. माझ्या त्या आठवड्यात सगळ्या खोल्या रिकाम्या होत्या. दोन दिवसांनी त्याने एक तारा देऊन ‘जाहिरात खोटी’ असा अभिप्राय लिहिला. जाहिरात खोटी होतीच. ती आमची नव्हती, एवढेच सांगणारे माझे उत्तर नियमात बसत नाही म्हणून प्रसिद्ध झाले नाही.

यात वाईट माणूस कोणी नव्हता, म्हणूनच मला त्याची अधिक खंत वाटते. पाहुण्याचा प्रश्न रास्त होता, माझ्याजवळ उत्तर तयार होते, आणि दोघांच्या मध्ये एक भिंत होती जी कोणीतरी विचारपूर्वक बांधली होती. पाहुणा व यजमान आधी बोलले तर परस्पर व्यवहार करतील आणि कमिशन बुडेल, या भीतीने ती बांधली जाते. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण मी त्या बाजूलाही बसलो आहे. पण उपाय म्हणून फोन क्रमांक झाकता येतो. प्रश्नच झाकण्याचे कारण नाही.

घाईबद्दलही दोन शब्द सांगतो. खरी घाई कोकणी माणसाला कोणी शिकवायला नको. गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण उघडते त्या सकाळी आठच्या ठोक्याला मुंबईतला प्रत्येक चाकरमानी बोट टेकवून बसलेला असतो, कारण आसने मोजकी आहेत आणि चतुर्थीची तारीख कोणासाठी पुढे जात नाही. तिथली टंचाई खरी आहे. पान पुन्हा उघडल्यावर जे घड्याळ पुन्हा नव्याने मोजायला लागते, ती टंचाई खोटी आहे. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सहा मोठ्या हॉटेल-आरक्षण संकेतस्थळांकडून असा दबाव न आणण्याची हमी घेतली. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ फसव्या रचना नोंदवल्या आहेत आणि खोटी निकड दाखवणे ही त्यांतली पहिलीच आहे. हे कागद प्रत्येक यजमानाने वाचून ठेवावेत, कारण तक्रार करताना आपल्या बाजूने काय लिहिलेले आहे ते माहीत असले पाहिजे.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे आणि ज्या विषयासाठी बोलावले तो अजून बाकी आहे, तेव्हा तो आता थोडक्यात मांडतो.

विक्रीच्या संकेतस्थळावर सामाजिक सोय घालायची म्हणजे काय, याची दोन उत्तरे आजवर दिली गेली. पहिले उत्तर म्हणजे माणसाचा व्यवहार त्याच्या ओळखीच्यांना दाखवून जाहिरात करणे. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने ‘बीकन’ नावाची सोय आणली, तेव्हा इतर संकेतस्थळांवर केलेली खरेदी आपोआप मित्रांना दिसू लागली. एका गृहस्थाने पत्नीसाठी गुपचूप घेतलेली अंगठी तिला आधीच कळली. दावा दाखल झाला, ९५ लाख डॉलरची तडजोड झाली आणि २००९ मध्ये ती सोय बंद पडली. दुसरे उत्तर अभिप्रायांचे. अ‍ॅमेझॉनने १९९५ पासून ग्राहकांना मत लिहू दिले, ट्रिपअ‍ॅडव्हायझर या प्रवासविषयक संकेतस्थळाने २००० पासून त्यावर मोठा व्यवसाय उभा केला आणि २०१० नंतर फेसबुकशी जोडून ओळखीच्या माणसांची मते पुढे आणली. खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठी आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानकही आले. अभिप्राय उपयोगी आहेत, परंतु ते मुक्काम संपल्यावर लिहिले जातात. माझ्या सुरमईच्या प्रश्नाचे उत्तर त्या कुटुंबाला मुक्कामाआधी हवे होते.

म्हणून मला तिसरे उत्तर हवे आहे: घराच्या पानावरच उघडी प्रश्नोत्तरे, पैसे भरण्यापूर्वी, यजमानाच्या नावाने, सगळ्यांना दिसतील अशी. एकदा ‘जूनमध्ये ताजी मासळी नसते, सुकी असते’ असे लिहिले की पुढच्या शंभर जणांना ते आपोआप कळते. मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण घ्या. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात आणि गावातल्या घरांत उतरतात. पिल्ले कोणत्या दिवशी बाहेर येतील हे निसर्ग ठरवतो. अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि हवामानाप्रमाणे ते पुढेमागे होते. अशा ठिकाणी परत न मिळणाऱ्या पैशांची ४८ तासांची विक्री लावणे म्हणजे पाहुण्याला निराश करण्याची व्यवस्था करणे होय. त्याऐवजी पानावर रोज सकाळी गावकऱ्यानेच लिहावे की आज किती पिल्ले गेली, येत्या दिवसांत कितपत शक्यता आहे, आणि पाहुण्याला तारीख बदलण्याची मुभा असावी.

यालाच जोडून ग्रुपॉनची ती पहिली अट परत आणावी. यजमानाने स्वतः निवडलेल्या मधल्या वारांच्या तारखा, त्यांतही ‘तीन खोल्या एकत्र भरल्या तरच’ अशी अट, आणि दराशेजारी सवलतीचे कारण स्पष्ट लिहिलेले: मंगळवार ते गुरुवार घर रिकामे असते म्हणून. कोकणात येणारे बहुतेक लोक आधीच गटाने येतात. सोसायटीचे, कार्यालयाचे, दोन भावांचे कुटुंब. त्यांना एकमेकांना आमंत्रण पाठवता यावे, कोण येतो म्हणाला ते गटापुरतेच दिसावे, गटाबाहेर मुळीच जाऊ नये, आणि संख्या पुरी झाल्याशिवाय कोणाचेही पैसे कापले जाऊ नयेत. ४० टक्के देण्याची गरज नाही. एका चुलीवर, एका वेळी तीन कुटुंबांचा स्वयंपाक होतो तेव्हा खर्चात जे खरोखर वाचते, तेवढेच द्यावे.

दराच्या बंधनाबद्दलही एक गोष्ट सांगून थांबतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो या प्रवास-आरक्षण कंपनीला २२३.४८ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, हॉटेलांनी इतर संकेतस्थळांवर कमी दर देऊ नये अशा अटींवर बोट ठेवले होते. तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी दराचे कलम, सवलतविक्रीत आपोआप सामील करून घेण्याचे कलम आणि छायाचित्रांचे कलम ही तीन कलमे वाचा, आणि मराठीत समजावून मागा.

असे एक साधे संकेतस्थळ आपण आपल्यापुरते करून पाहू शकतो आणि त्याचे तांत्रिक काम मी विनामूल्य करीन. ज्यांना येत्या मार्गशीर्षातील मधल्या वारांच्या तारखा द्यायच्या आहेत, त्यांनी चहाच्या वेळी दाराजवळच्या वहीत खोल्यांची संख्या, आपला खरा दर, आणि पाहुणे नेहमी विचारतात ते पाच प्रश्न उत्तरांसह लिहून द्यावेत. चारचाकी अंगणापर्यंत येते का, हा प्रश्न कोणीही विसरू नये.