चिठ्ठ्या आधी, प्रयोग नंतर

(दृश्य : चोपड्याजवळचं कपाशीचं शेत. विहीर, मग बांधाकडचा मुरमाड पट्टा.)

नवं बियाणं विहिरीजवळच्या तुकड्यात लावलं आणि जुनं बांधाकडे, तर खरी तुलना होईल का? खान्देशातला कोणताही शेतकरी नाहीच म्हणेल. पीक बियाण्यानं वाढलं की पाण्यानं, हे मग कसं ठरवायचं? मानसशास्त्राच्या प्रयोगात हीच चूक होते, आणि तिथे विहीर डोळ्यांना दिसत नाही.

(दृश्य : जळगावातलं एक महाविद्यालय. वर्ग भरतो आहे.)

प्रश्न साधा आहे. धडा पुन्हा वाचला तर जास्त लक्षात राहतो, की पुस्तक मिटून आठवून लिहिला तर? अभ्यासाची पद्धत आपण बदलतो, म्हणून ती स्वाश्रयी चल. आठवलेले मुद्दे आपण मोजतो, म्हणून ते आश्रयी चल. वर्गात 60 विद्यार्थी आहेत.

पुढचे 30 एका गटात आणि मागचे 30 दुसऱ्या, अशी वाटणी करायचा मोह होतो. पण भुसावळ, पाचोरा, चाळीसगावहून अपडाऊन करणारी मुलं गाडी येईल तशी पोचतात आणि मागच्या बाकांवर बसतात. पहाटे उठून आलेली मुलं अशी एकाच गटात गोळा झाली, तर शेवटी दिसणारा फरक पद्धतीचा की झोपेचा? गट निवडायचं मुलांवरच सोडलं तर आणखी घोटाळा होतो. ज्याला आपल्या आठवणीचा भरवसा आहे, तोच आठवून लिहायच्या गटात जातो.

म्हणून चिठ्ठ्या. एकाच कागदाच्या, एकसारख्या घडीच्या 60 चिठ्ठ्या. 30 वर ‘अ’, 30 वर ‘ब’. डबा हलवायचा आणि न बघता एकेक काढायची. कोण थकलेलं आहे, कोण हुशार आहे, हे चिठ्ठीला कळत नाही, आणि तेच आपल्याला हवं असतं. माणसामाणसांतले फरक त्यामुळे मिटत नाहीत, ते दोन्ही गटांत विखुरतात. योगायोगानं जो फरक उरतो, त्याचा हिशोब संख्याशास्त्र करू शकतं. पहिल्या बाकाच्या वाटणीचा हिशोब कोणालाच करता येत नाही.

ही युक्ती मानसशास्त्रात जुनी आहे. 1884 च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो वजनांतला बारीक फरक माणसाला जाणवतो का, ते तपासत होते. आधी जड वजन द्यायचं की हलकं, हे ते पत्ते पिसून ठरवत. शेतातल्या प्रयोगांसाठी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी हीच कल्पना पुढे 1920 च्या दशकात पक्की केली.

इथे एक भर घालावी. वाचायला द्यायचा उतारा प्रमाण मराठीत आहे आणि अनेकांच्या घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात. घरच्या बोलीप्रमाणे आधी याद्या करा आणि प्रत्येक यादीच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा. मग बोलीचा तोल नशिबावर राहत नाही.

(दृश्य : बाकांवर बंद पाकिटं.)

उतारा सुमारे 250 शब्दांचा, समुद्री कासवांवरचा. केळीवरचा घेतला, तर रावेर-यावलची मुलं न वाचताच निम्मा लिहितील. उताऱ्यातले 30 मुद्दे आधीच पाडून ठेवा.

दोन्ही गट एकाच खोलीत, एकाच वेळी, मिसळून बसवायचे. एका गटाला सकाळी आणि दुसऱ्याला दुपारी बसवलं, तर जळगावच्या एप्रिलमध्ये आपण ऊनच मोजू. सूचना पाकिटात छापलेल्या असाव्यात. तोंडी सांगताना आवाज नकळत एका गटाकडे झुकतो.

सगळ्यांनी 7 मिनिटं वाचायचं. मग 2 मिनिटं 487 मधून तीन-तीन वजा करत जायचं, म्हणजे ताजं वाक्य मनात घोळत राहत नाही. पुढची 7 मिनिटं ‘अ’ गट पुन्हा वाचतो आणि ‘ब’ गट कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहितो. वेळ दोघांना अगदी सारखा.

आता सगळ्यात महत्त्वाचं : परीक्षा कधी घ्यायची? तास संपायच्या आत प्रॅक्टिकल उरकायची सवय असते, आणि तीच इथे फसवते. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी असाच प्रयोग केला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणाऱ्यांना 81 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 75. आठवड्यानं चित्र उलटलं : वाचणारे 42, आठवून लिहिणारे 56. त्याच दिवशी मोजलं असतं, तर निष्कर्ष उलटा लिहिला गेला असता.

म्हणून इथे परीक्षा सातव्या दिवशी, आणि तोवर कॅन्टीनमध्ये याबद्दल बोलू नका, असं सगळ्यांना सांगायचं. तो दिवस आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास येत असेल, तर तारीख आधीच बदला, कारण वर्ग निम्मा रिकामा असेल. कोण गैरहजर राहिलं, कोणत्या गटातलं, ते लिहून ठेवा. एकाच गटातले जास्त गळाले, तर चिठ्ठ्यांनी साधलेला तोल मोडला, हे अहवालात सांगावंच लागतं.

(दृश्य : दोन तपासनीस. उत्तरपत्रिकांवर फक्त क्रमांक.)

तपासणाऱ्यांना गट कळता कामा नये. दोघांनी स्वतंत्र तपासायचं. कोणी ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ लिहिलं, तर गुण पूर्ण. आपण कल्पना मोजतो आहोत, शुद्धलेखन नाही. हा नियम तपासणीपूर्वी लिहून ठेवायचा, पेपर हातात आल्यावर नाही.

एका गटात 30 म्हणजे फार नव्हेत. गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, त्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. एवढ्यांत साधारण पाऊण प्रमाण विचलनाइतका मोठा फरक भरवशानं सापडतो. अर्ध्या प्रमाण विचलनाचा फरक पकडायला गटात 64 लागतात, आणि तेही 80 टक्के वेळाच. म्हणून इथे ‘फरक सापडला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा लिहू नये. अर्ध्यावर आकडे बघून थांबणं, किंवा नको वाटलेली उत्तरपत्रिका मागाहून वगळणं, यानं खोटा फरकही उभा राहतो. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळच्या 97 टक्के अभ्यासांत लक्षणीय फरक, म्हणजे नुसत्या योगायोगानं येणं अवघड असा फरक होता, पुनरावृत्तीत तो 36 टक्क्यांतच मिळाला.

(दृश्य : गटांची यादी असलेलं पाकीट उघडलं जातं.)

गुण भरून झाले, की मगच यादी उघडते. दोन सरासऱ्या, प्रमाण विचलनं, आणि सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी टी-चाचणी. नंतर वर्गाला सगळं सांगायचं : काय तपासत होतो, आणि कॅन्टीनमध्ये बोलू नका असं का म्हटलं होतं. ‘अ’ गटातल्या मुलांना कोरे कागद द्यायचे, परीक्षा जवळ आहे.