हँडलचे कान, हँडलचं बूड

मंडळी, ही एस्प्रेसो मशीनची तीन हँडलं पहिल्या रांगेपासून मागेपर्यंत फिरू द्या. हातात घ्या, वजन बघा, उलटी करून खालून बघा. घरी एस्प्रेसोचं मशीन आलं की पहिले काही महिने आपल्याला वाटत राहतं, कॉफी मशीन करतंय. मलाही तसंच वाटायचं. पण मशीनचं काम गरम पाणी दाबाने खाली ढकलायचं, तेवढंच. बोटाच्या पेराहूनही कमी जाडीचा पुडीचा थर असतो, त्यातून पाणी २५ ते ३० सेकंदांत पार होतं, आणि चव ठरते ती तिथे. तो थर असतो या हँडलच्या आत. इटालियनमध्ये याला पोर्ताफिल्त्रो म्हणतात, म्हणजे गाळणी धरणारा. नावातच सांगून ठेवलंय की महत्त्वाची आहे ती गाळणी, म्हणजे आतली बास्केट. बाहेरचा सगळा भाग तिला धरून ठेवायला.

ही कल्पना जुनी आहे. १९०१ साली मिलानमध्ये लुईजी बेझ्झेरा यांनी जे मशीन पेटंट केलं, त्यात एका गिऱ्हाइकापुरती पूड हँडलमध्ये भरून मशीनला अडकवायची सोय होती. त्याआधीच्या मशीनमध्ये कॉफी एकदम मोठ्या प्रमाणात व्हायची. बेझ्झेरांच्या मशीनमध्ये दाब होता नुसत्या वाफेचा, म्हणजे फारच कमी. १९४८च्या सुमारास मिलानच्याच अकिले गाज्जिया यांची दांडा ओढायची मशीनं आली आणि दाब कितीतरी पटींनी वाढला. १९६१मध्ये फाएमा कंपनीच्या ई६१ने ते काम पंपाकडे दिलं. बार हे दाब मोजायचं माप, आणि आज आपण ९ बार म्हणतो तो हा दाब.

आता ९ बार म्हणजे किती, ते मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. कॅफेत सर्रास दिसणारी बास्केट ५८ मिलिमीटर व्यासाची. तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २६ चौरस सेंटिमीटर. ९ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ९ किलोहून थोडं जास्त. गुणाकार केला तर भार येतो २४० किलोच्या आसपास. ५० किलोची तांदळाची जवळजवळ पाच पोती! आणि हा सगळा भार कशावर? कडेला बाहेर आलेले हे दोन-तीन तुकडे दिसतात ना, कढईला असतात तसे कान, त्यांच्यावर.

हे मी अनुभवाने शिकले. माझं पहिलं मशीन ५१ मिलिमीटरचं होतं. ५१चंच एक सुंदर लाकडी मुठीचं हँडल ऑनलाइन दिसलं, आकडा जुळला, मागवलं. कानही मोजून तीन, माझ्या जुन्या हँडलसारखेच. बसलंही. फक्त नेहमीपेक्षा जरा जास्त फिरलं, आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही. दाब चढला आणि ते सटकलं. ओली, उकळती पूड ओट्यावर, टाइल्सवर आणि माझ्या मनगटावर. नंतर दोन्ही हँडलांचे कान व्हर्नियर कॅलिपरने मोजले तेव्हा नव्याचे कान जुन्यापेक्षा पातळ निघाले, एक मिलिमीटरही नाही इतक्या फरकाने. म्हणून हात जोडून सांगते, नुसत्या मिलिमीटरवर हँडल घेऊ नका. मशीनचा मॉडेल नंबर विक्रेत्याला सांगा, कान किती ते बघा, त्यांची जाडी मोजा. ५८ची सगळी हँडलं ५८च्या सगळ्या मशीनांना बसतात हाही गैरसमज आहे.

मापाबद्दल आणखी एक. ५१ म्हणजे ५८पेक्षा थोडंसं लहान असं ऐकायला वाटतं. पण क्षेत्रफळ वर्गाने बदलतं, म्हणून ५१ची बास्केट ५८च्या जेमतेम ७७ टक्के भरते. ५८मध्ये १८ ग्रॅम पुडीचा जो थर होतो, तेवढाच जाड थर ५१मध्ये १४ ग्रॅमलाच होतो, आणि ५४मध्ये साडेपंधराला. व्हिडिओत बघून लहान बास्केटमध्ये १८ ग्रॅम कोंबायचे आणि मग कॉफी थेंबथेंब येते म्हणून मशीनला दोष द्यायचा, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. लहान माप कमी दर्जाचं नसतं. पूड मापाप्रमाणे घाला, कॉफी उत्तम होते.

आता या दोन बास्केट ट्यूबलाइटकडे धरून बघा. एकीत शेकडो बारीक छिद्रं चमकतात, दुसरीत बाहेरून एकच टाचणीएवढं भोक. शेकडो छिद्रांची ती एकपदरी बास्केट, एका भोकाची ती दुपदरी. दुपदरीत दाब पुडीमुळे तयार होत नाही, त्या भोकामुळे होतो, आणि वरचा फेसही बहुतांशी त्या भोकातूनच येतो. स्वस्त मशीनबरोबर हीच मिळते आणि लोक तिला नावं ठेवतात. मला ते पटत नाही. घरात बियांचा ग्राइंडर नसेल, दुकानातून दळून आणलेली पूड वापरत असाल, तर हीच बास्केट तुमच्या उपयोगाची. मिक्सरच्या भांड्यात दळलेली पूड एकपदरी बास्केटमध्ये घालू नका. काही कण भरड, काही पीठ, पाणी मिळेल त्या फटीतून पळतं. पैसे साठवायचेच असतील तर आधी चांगल्या ग्राइंडरसाठी साठवा, हँडल त्यानंतर.

ग्राइंडर आला, एकपदरी बास्केट आली, की मग हे तिसरं हँडल घ्या. कॉफी कपात पडायच्या खालच्या तोट्या याला नाहीत, तळ नाही, बास्केटचं बूड उघडं. मराठीत बिनबुडाचा म्हटलं की आपल्याला आरोप आठवतात, पण इथे बूड नसण्यातच सगळा फायदा आहे. वाफ्याला पाणी सोडल्यावर बांध एका जागी कच्चा असेल तर सगळं पाणी तिथूनच फुटतं आणि बाकीचा वाफा कोरडा राहतो. पुडीच्या थरातही हेच होतं. तोटीच्या हँडलमध्ये ते कळत नाही, कपात कॉफी एकाच वेळी आंबट आणि कडू का लागली एवढंच कोडं उरतं. इथे डोळ्यांना दिसतं. आधी कडेकडेला गडद थेंब धरतात, मग सगळे मध्याकडे सरकून एक धार होते. धार एका बाजूला ओढली जात असेल तर त्या बाजूला पूड सैल राहिली आहे. बारीक चिळकांडी उडाली तर तिथे वाट फुटली आहे. पुढच्या वेळी दाबण्याआधी सुईने पूड मोकळी करा, सारखी करा, सपाट दाबा. आठवडाभरात हात बसतो.

धातूचं थोडक्यात सांगते. जड हँडल बहुधा पितळेचं असतं, वर क्रोमचा मुलामा. पितळ उष्णता धरून ठेवतं, पण गारठलेलं असेल तर तीच उष्णता कॉफीतून ओढून घेतं. मशीन तापत असताना हँडल त्यातच अडकवून ठेवा. ॲल्युमिनियमचं असेल तर डिशवॉशरमध्ये टाकू नका, काळं पडतं. लाकडी मूठ पाण्यात भिजत ठेवू नका.

मागून मघाशी चिकोरीबद्दल विचारलं होतं. फिल्टर कॉफीची चिकोरी मिसळलेली पूड यात नको. ती चिकट होऊन छिद्रं धरते. तिच्यासाठी आपला पितळी फिल्टरच चांगला.

नवी बास्केट घरी नेली की हे करून बघा. पूड भरून दाबा, वर धुऊन पुसलेलं एक रुपयाचं नाणं ठेवा, हँडल मशीनला अडकवा आणि लगेच काढा. नाणं पुडीत रुतलं असेल तर पूड जास्त झाली, अर्धा ग्रॅम कमी करा आणि पुन्हा बघा. आणि हँडल पूर्वीपेक्षा पुढे फिरायला लागलं, कडेने पाणी झिरपायला लागलं, तर हँडल बदलू नका. आत कुकरला असते तशी रबरी रिंग आहे, ती कडक झालेली असते. मॉडेल नंबर सांगून नुसती रिंग मागवा.