कुडीतले मोती स्पष्ट, डोळे पुसट: झोर्कीच्या लेन्सखाली कोणता शिम घालायचा?

नमस्कार मंडळी. आधी हा फोटो बघा.

(प्रिंट कॅमेऱ्याजवळ धरून)

ही माझी आजी. खिडकीपाशी बसली आहे, माझ्यापासून साधारण दीड मीटरवर. लेन्स ५० मिमी, ॲपर्चर पूर्ण उघडं, एफ २. तिच्या कुडीतला एकेक मोती मोजता येतो. आता डोळ्यांकडे या. पापण्या पुसट आहेत. मी फोकस डोळ्यांवर केला होता, रेंजफाइंडरमधल्या, म्हणजे फोकस जुळवायच्या खिडकीतल्या, दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नीट बसवून. मग हे झालं कसं? कॅमेऱ्यातलं कागदाचं एक कडं हरवलं होतं. आठ दिवस आधी साफसफाईसाठी कॅमेरा मीच उघडला होता आणि ते कडं तेव्हाच गेलं.

कॅमेरा हा. झोर्की-४. मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हे मॉडेल १९५६ ते १९७३ या काळात बनत होतं. पुढे ज्युपिटर-८, तीच ५० मिमीची लेन्स. लेन्स ज्या धातूच्या रिंगमध्ये फिरवून बसवतो, त्या रिंगपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी असावं लागतं. ओतीव बॉडी प्रत्येक वेळी थोडी वेगळी निघते, म्हणून कारखान्यातच रिंगखाली पातळ कडं घालून ते अंतर जुळवलेलं असतं. त्या कड्याला म्हणायचं शिम. माझ्या बॉडीतला कागदी होता. फाटका तुकडा नंतर सापडला, मायक्रोमीटरने मोजला, ०.१ मिमी भरला.

एवढ्याशा कागदाने काय बिघडतं? एफ २ ला फिल्मपाशी जेमतेम ०.०६ मिमी पुढे किंवा मागे चालतं, त्यापलीकडे नाही. आणि तो ०.१ चा फरक दीड मीटरवर किती होतो? सुमारे ८ सेंटिमीटर. डोळ्यांपासून निघालात की कानापाशी पोहोचता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझा खरा घोळ इथेच झाला. नुसता शिम हरवला असता, तर आजीचे डोळे बहुधा वाचले असते. रिंग आत गेली की लेन्सही आत जाते आणि रेंजफाइंडरचा लेन्सला टेकलेला दांडा तेवढाच दाबला जातो. तुम्ही प्रतिमा जुळवताना लेन्स नकळत तेवढी बाहेर काढता, हिशेब बरोबर होतो. पण मला दिसलं की लेन्स अनंतावर, म्हणजे सगळ्यांत लांबच्या खुणेवर, लावली तरी लांबच्या टॉवरच्या दोन प्रतिमा जुळत नाहीत. मला वाटलं रेंजफाइंडर बिघडलाय, आणि मी त्याचा स्क्रू फिरवून प्रतिमा जुळवल्या. झालं. चूक कायमची बसली. म्हणून हात जोडून सांगतो, आधी शिम, मग रेंजफाइंडर. उलटं कधीच करू नका.

आता पर्याय. पहिला मी केला तोच, झेरॉक्सचा कागद. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी असतो, माप अगदी हवं तसं. जूनमध्ये बसवला. पावसाळा संपता संपता उघडून पाहिलं, तर स्क्रूंच्या बाजूला दबलेला आणि मधल्या भागात फुगलेला. कागद दमट हवेतलं पाणी ओढतो. कोरड्या थंड हवेत जो वर्षानुवर्षं टिकेल, तो कोकणात एक पावसाळा काढत नाही.

सेलोटेपचे थर लावू नका. पट्टी ठीक असते, पण डिंक दाबाखाली हळूहळू सरकतो, पसरतो, आणि नंतर रिंगला चिकट थर राहतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल मिमीच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. आठ-नऊ घड्या रचल्या की प्रत्येकीची सुरकुती वेगळी आणि बेरीज कधीच जुळत नाही. थंड पेयाचा डबा जास्त मोहात पाडतो, त्याची बाजू मध्यावर जवळपास ०.१ मिमी असते. पण वर-खाली तो जाड होत जातो, वर रंग, आत लेप. मापाला भरवसा नाही.

घरोघरी कपाटात जुने एक्स-रे पडलेले असतात. त्यांचा पाया पॉलिएस्टर, मजबूत. पण जुन्या, द्रावणात धुतलेल्या एक्स-रेवर दोन्ही बाजूंनी जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन पाणी पितं. तसाच कापून घालू नका.

मग चांगलं काय? दोनच गोष्टी. पहिली, ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट. १०० मायक्रॉनची मिळते, म्हणजे बरोबर ०.१ मिमी. पॉलिएस्टर आहे, ओल धरत नाही, ब्लेडने कापता येतं, भोकं पाडता येतात. पहिल्यांदा करत असाल तर हीच घ्या.

दुसरी, आणि माझी आवडती, पितळेचा शिमचा पत्रा. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी, अशा हार्डवेअरच्या बाजारात विचारा. दुकानदार कदाचित थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलेल. चार थाऊ म्हणजे साधारण ०.१ मिमी. पितळ दबत नाही, पोलादासारखं गंजत नाही, आणि चांगल्या कात्रीने कापलं जातं. स्टेनलेसही टिकतं, पण स्प्रिंगसारखं उसळतं, हाताने नीट कडं निघत नाही.

(पत्र्याचा तुकडा जवळ धरून)

ही कड बघा. कात्रीने कापली की अशी उठते. बोटाला लागते, आणि ०.१ च्या पत्र्याची जाडी कडेला ०.१३ होते. काचेवर हजार नंबरचा पॉलिश पेपर पसरा, त्यावर कडं सपाट धरून हलक्या हाताने घासा, दोन्ही बाजू. मग मायक्रोमीटरने निदान सहा ठिकाणी मोजा. रिंगच साचा समजून सुईने बाह्यरेषा आखा. स्क्रूंची भोकं चामड्याच्या पंचने, स्क्रूपेक्षा जरा मोठी. आतली कड लेन्सच्या आट्यांत किंवा रेंजफाइंडरच्या दांड्याच्या वाटेत आली नाही ना, ते पाहा. आणि कडं अखंडच हवं. चार तुकडे चार स्क्रूंखाली ठेवले तर लेन्स तिरकी बसते आणि फोटोची एक बाजू कायम मऊ येते.

तपासायला फिल्म घालायची गरज नाही. झोर्की-४ चा मागचा भाग पूर्ण निघतो. काचेच्या तुकड्यावर गाड्यांची वाल्व्ह घासायची पेस्ट चोळून एक बाजू धुरकट करा. ती बाजू लेन्सकडे ठेवून काच आतल्या दोन रुळांवर टेकवा. फिल्म आतल्या रुळांवरून सरकते. बाहेरच्या रुळांवर मागची दाबपट्टी टेकते, तिथे काच ठेवलीत तर सगळं माप चुकेल. शटर आधी चढवा आणि मगच स्पीडची चकती बी वर फिरवा, म्हणजे बटण दाबून धरलं की शटर उघडंच राहतं. न चढवता फिरवली तर आतली यंत्रणा मोडू शकते. लेन्स अनंतावर, एफ २ वर ठेवून किलोमीटरभर लांबच्या इमारतीची काचेवर पडलेली प्रतिमा भिंगातून पाहा. कडा स्पष्ट झाल्या की शिम बरोबर. लेन्स थोडी बाहेर काढल्यावर स्पष्ट होत असतील तर शिम अजून हवा. अनंताच्या टोकालाही स्पष्ट होत नसतील आणि बाहेर काढल्यावर जास्तच बिघडत असतील तर शिम जाड झालाय.

स्क्रू आवळताना एक घट्ट करून दुसऱ्याकडे जाऊ नका. समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे. त्यानंतर रेंजफाइंडर लावा, त्याच इमारतीवर.

आणि शिमची जाडी, तारीख आणि बॉडीचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या चामडी पेटीत ठेवा. माझ्या चिठ्ठीवर लिहिलंय: पितळ, ०.१०, एकच कडं.