बंकर रिकामा पडू द्यायचा नाही

मंडळी, सोलापुरात रेल्वे 1860 साली आली. वाफेचं इंजिन म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तुमच्यातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी लोको शेडात, म्हणजे इंजिनं ठेवायच्या आणि तयार करायच्या जागी, होतं. तेव्हा तक्रारीपासूनच सुरुवात करतो.

मागे एका प्रदर्शनात इंजिनाचा भिंतभर फोटो लावला होता. ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकून ऐटीत, फायरमन फावडं घेऊन उभा. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या गाड्यावर, वरून कोळशाची च्यूट (घसरती पन्हळ) आलेली, आणि नेमका तिथेच फोटो कापलेला! संयोजकांना विचारलं तर म्हणाले, "वर नुसतं काँक्रीट होतं." अहो, ते काँक्रीट म्हणजे इंजिनात कोळसा भरायचा मनोरा. त्याच्या पायथ्याशी केबिन असते आणि केबिनीत तो चालवणारा माणूस असतो. त्याने कोळसा दिल्याशिवाय ड्रायव्हरची ऐट कुठून यायची?

आपल्याकडे बऱ्याच शेडांत कोळसा डोक्यावरच्या पाट्यांनी चढायचा. बायकाही वाहायच्या. मालगाडी ओढणाऱ्या डब्ल्यूजी इंजिनाच्या टेंडरात सुमारे 18 टन कोळसा मावतो. एका पाटीत 25 किलो धरा. होय, मागून उत्तर आलंच: 720 पाट्या! एका टेंडरला. त्या बायकाही कुठल्या फोटोत नाहीत, आणि याचा मला मनापासून राग येतो.

हे ओझं विजेने उचललं. वाघिणीतला, म्हणजे मालडब्यातला, कोळसा जमिनीखालच्या हॉपरमध्ये (निमुळत्या हौदात) पडतो, तिथून लोखंडी बकेट भरते, विजेच्या मोटरवरचा विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) तिला रुळांवरून वर ओढतो आणि माथ्यावर ती बंकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या साठ्याच्या कोठीत, उलटते. काही मनोऱ्यांत तर अख्खी वाघीणच वर नेऊन उलटी करत. बकेट माथ्यावर पोचली की लिमिट स्विच मोटरची वीज तोडतो. ब्रेक असा, की वीज असेल तरच सुटतो. वीज गेली की स्प्रिंग त्याला घट्ट आवळते, म्हणून भरली बकेट खाली कोसळत नाही. इंजिन खाली येऊन उभं राहतं, झडप उघडते आणि पाट्यांचं तासन्‌तासांचं काम काही मिनिटांत उरकतं. इंग्लंडात कार्नफर्थला असा काँक्रीटचा मनोरा अजून उभा आहे. ऑगस्ट 1968 मध्ये ब्रिटिश रेल्वेवरची वाफ संपली, तेव्हा शेवटपर्यंत चाललेल्या तीन शेडांपैकी कार्नफर्थचं एक.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. आणि ज्यासाठी आलो ते अजून बाकीच आहे! भराभर सांगतो.

लोक म्हणतात, वीज आली आणि तिथला कामगार बटण दाबणारा झाला. मला हे अजिबात मान्य नाही. कोळसा ठिसूळ. रिकाम्या बंकरमध्ये तो उंचावरून आपटला की खड्यांचा चुरा होतो. चुरा भट्टीत गेला की थोडा जाळीतून राखेत गळतो, थोडा धुराड्याच्या ओढीने न जळताच वर उडतो, आणि उरलेला हवेची वाट बुजवतो. वाफेचा दाब पडतो, घाटात गाडी रखडते, बोलणी फायरमनला बसतात. म्हणून जाणता ऑपरेटर बंकर कधी तळाला जाऊ देत नाही. भरत्या ढिगावर कोळसा थोड्या उंचीवरूनच पडतो. पण सदा भरलेलाही ठेवून चालत नाही! भिंतीला चिकटून दिवसेंदिवस पडून राहिलेला कोळसा आतल्या आत तापतो आणि पेट घेतो. मग कोणती वाघीण आधी रिकामी करायची, कुठल्या च्यूटमधून द्यायचं, जुना माल कधी खाली काढायचा, हे तो गाड्यांच्या वेळा बघून ठरवतो. मोटरवर ताण पडला की आवाज बदलतो, तोही त्याला ऐकू यावा लागतो. यातलं एकही काम बटण करत नाही.

ज्यांच्या घरी शेडातले जुने बिल्ले, ड्युटीचे कागद, फोटो असतील त्यांनी कृपया निघू नका. पाट्या वाहणाऱ्या आणि केबिनीत बसणाऱ्या माणसांची नावं मला आजच वहीत उतरवून घ्यायची आहेत.