खिळा निखळला म्हणून भिंत बांधायची?

(ठाण्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? पंखा जरा कमी करा, माझा आवाज खातोय तो.

मी संगणकतज्ज्ञ नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी ३१ वर्षं गेली. त्यामुळे लेकीच्या लॅपटॉपची चार्जिंग पिन ढिली झाली तेव्हा घरात सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. ती कोपरखैरण्याला कॉलेजात जाते. लॅपटॉप ५२,००० रुपयांचा, वॉरंटी संपून तीन महिने झालेले. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, पोर्ट, म्हणजे चार्जरचं टोक घालायचं तोंड, सुटा मिळत नाही, मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्डच, बदलावा लागेल, २८,४०० रुपये. मी म्हटलं, अहो, खिळा निखळला म्हणून भिंत बांधायची?

सर्व्हिस सेंटरमधला तो मुलगा चोर नव्हता हो. त्याच्याकडे बोर्ड काढायचा आणि बोर्ड बसवायचा, एवढंच काम आहे. बोर्डावरचा सुटा भाग बदलायचं काम तिथे होतच नाही. त्यामुळे तो सांगतो ती किंमत पोर्टची नसतेच, बोर्डाची असते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: माझ्या मॉडेलमध्ये पोर्ट बसवलाय कुठे? जुन्या गोल पिनेचा जॅक पुष्कळदा छोट्या वायरीवर असतो. स्क्रू काढा, वायर बदला, झालं. काही मॉडेलांत पोर्ट वेगळ्या छोट्या पट्टीवर असतो, तेही सोपं. आमच्या नशिबी तिसरा प्रकार, टाइप-सी, थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेला, म्हणजे वितळवलेल्या धातूने डकवलेला.

या टाइप-सीच्या पोटात २४ बारीक पिना असतात. तो १०,००० वेळा लावा-काढायला टिकावा, असं गृहीत धरतात. दिवसातून तीनदा लावला तरी नऊ वर्षं होतात. मग दोन वर्षांत कसा गेला? आमच्याकडे उत्तर पलंगावर होतं. लॅपटॉप मांडीवर, केबल गुडघ्याखाली. लावण्या-काढण्याने पोर्ट मरत नाही, आडव्या दाबाने मरतो. केबलचं टोक पहारीसारखं काम करतं आणि सोल्डर उचकटतं.

पण दुकानात जायच्या आधी घरी बघा. लॅपटॉप पूर्ण बंद करून पोर्टात टॉर्च मारा. कापसाचा बोळा निघाला तर लाकडी काडीने हळूच काढा, टाचणी घालू नका. दुसरा चार्जर, दुसरी केबल लावून बघा. आणि एक गंमत: टाइप-सीचं टोक उलटं करून लावा. एका बाजूने चार्ज होतं, दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर दोष बहुधा पोर्टातच. चार्जर आणि लॅपटॉप यांचं आधी बोलणं होतं, किती व्होल्ट द्यायचे ते ठरतं. त्या बोलण्यासाठी पोर्टात दोन पिना असतात, टोक कसं लावलंय त्यावर त्यातली एक कामाला लागते. आमची एक मुकी झाली होती.

मग मी स्वतः का नाही बदलला? बदलणार होतो. आधी एका मेलेल्या बोर्डावर हात बसवायला घेतला. आमच्या काळचं शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं. आता बिनशिशाचं, ते २१७ च्या पुढे. वर बोर्डाच्या पोटातला तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो. तुम्ही वरून हवा मारत राहता, सोल्डर ढिम्म. कंटाळून पोर्ट ओढला की खालचे तांब्याचे पॅडच, म्हणजे ज्यांवर तो डकवलेला असतो ते ठिपके, उखडून येतात. माझे आले. ३१ वर्षांचा अनुभव तिथेच गार पडला.

नौपाड्यातल्या एका कारागिराने बोर्ड आधी खालून तापवला, वर फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचं रसायन, मग गरम हवा. मायक्रोस्कोपखाली ४० मिनिटं. २,२०० रुपये, तीन महिन्यांची हमी. त्याला मी तीन गोष्टी बिलावर लिहायला लावल्या: काय बदललं, हमी किती, जुना भाग परत. आणि लॅपटॉप देण्याआधी डेटा काढून घेतला. काही मॉडेलांत साठवणही मदरबोर्डावरच असते, बोर्ड गेला की फोटोही गेले.

कायद्याचं थोडक्यात. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. तिथे माहिती मिळते. त्याने पोर्ट स्वस्त होत नाही. तक्रार असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षं. पण पोर्ट आपल्या गुडघ्याने मोडला असेल तर भांडायला जाऊ नका. तो उत्पादनातला दोष धरत नाहीत.

हं, ताई, विचारा. केबल चुंबकाने चिकटावी म्हणून पोर्टात बसवतात ते तुकडे लावावेत का? मी लावत नाही. ते टाइप-सीच्या ठरलेल्या नियमांत बसत नाहीत, आणि उघड्या टोकांवर २० व्होल्ट खेळवायची माझी तयारी नाही. काटकोनी टोकाची चांगली केबल घ्या, पुष्कळ झालं.

माझा तो बिघडवलेला बोर्ड बाहेर टेबलावर ठेवलाय. उखडलेले पॅड भिंगातून दिसतात. भिंग एकच आहे, एकेकाने या.