न घासणारा ब्रेक

ज्यांच्या घरी एमएसईबीचा जुना मीटर होता, त्यांनी काचेआड फिरणारी ॲल्युमिनियमची चकती पाहिलेली असेल. कडेला एक खूण, आणि ती खूण किती वेळात परत समोर येते यावरून बिलाचा अंदाज बांधणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असायचं. त्या चकतीच्या कडेशी एक छोटा चुंबक पक्का बसवलेला असे. चकती त्याच्या फटीतून फिरायची, पण त्याला कुठेही टेकायची नाही. तो चुंबक काढला असता, तर एक दिवा लावल्यावरही चकती सुसाट सुटली असती. आज ज्या यंत्राबद्दल बोलायचं आहे, ते आग लागल्यावर उंच जागेवरून एकेका माणसाला दोरीने खाली आणतं. त्यातला चुंबकी ब्रेक आणि मीटरमधला तो चुंबक यांचं तत्त्व तंतोतंत एक आहे.

आधी यंत्राला काय साधायचं आहे ते बघू. साठ मीटरवरून, म्हणजे साधारण विसाव्या मजल्यावरून, काही सोडलं तर ते साडेतीन सेकंदांत खाली येतं आणि जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. उतरणीच्या उपकरणांसाठी ईएन ३४१ नावाचं युरोपीय मानक आहे. आपोआप चालणाऱ्या उपकरणाने माणसाला सेकंदाला अर्धा ते दोन मीटर या वेगाने उतरवावं, असं ते सांगतं. दोन मीटर हा आकडा ऐकायला जास्त वाटतो. पण वीस सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून उडी मारली की पायांना जेवढा दणका बसतो, तेवढाच हा. एवढा दणका आजीबाईंनाही सोसेल. खालची मर्यादासुद्धा महत्त्वाची आहे. फार हळू उतरणारा माणूस खिडक्यांतून बाहेर पडणाऱ्या धुरात लटकून राहतो.

आता ही तांब्याची नळी बघा. एसी बसवणाऱ्या माणसाकडून आणली आहे, मीटरभर लांब. तिच्यात आधी हा लोखंडी खिळा सोडतो. आला खाली, अर्ध्या सेकंदाच्या आत. आता हा निओडिमियमचा चुंबक, नळीत जेमतेम मावेल एवढा. सोडला. वरून आत डोकावून बघा, तो नळीच्या भिंतीला न शिवता तरंगत उतरतोय. मोजा... आला. तांबं चुंबकाला चिकटत नाही हे आपण शाळेत शिकलो, मग याला अडवलं कुणी?

हे कोडं १८२४ साली फ्रान्समध्ये आरागो या शास्त्रज्ञाला पडलं. तांब्याची चकती फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे ओढली जाते, हे त्याने पाहिलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बॅबेज आणि हर्शेल यांनी चकतीला चिरा पाडून पाहिल्या, तर ओढ कमी झाली. ‘का’ याचं उत्तर १८३१मध्ये फॅरडेने दिलं. धातूतून चुंबकाचं क्षेत्र सरकलं की धातूत वीज उपजते आणि भोवऱ्यासारखी गोल गोल फिरू लागते. चिरांनी त्या भोवऱ्यांची वाट तुटते, म्हणून ओढ घटते. या प्रवाहांना एडी करंट म्हणतात. ते नेहमी मूळ हालचालीला विरोध करतात, आणि हालचालीतली ऊर्जा धातूत उष्णता होऊन उतरते. १८५५मध्ये फूकोने मोठ्या विद्युतचुंबकाच्या फटीत तांब्याची चकती जोर लावून फिरवली, तेव्हा ती चांगलीच तापली. जर्मनीच्या आयसीई ३ या वेगवान रेल्वेगाडीचे रुळावरचे ब्रेक याच तत्त्वावर चालतात.

उतरणीच्या यंत्रात एक पुली किंवा ड्रम असतो, त्यावरून दोरी सुटते आणि ड्रम फिरतो. त्या फिरण्याला लगाम घालायचा. रूढ पद्धत घर्षणाची. ड्रमसोबत फिरणारे ब्रेक-शू वेग वाढला की बाहेर फेकले जातात आणि भिंतीला घासतात. पवनचक्कीच्या माथ्यावर ठेवलेल्या बहुतेक उपकरणांत आजही हेच असतं, आणि ते वाईट मुळीच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे यंत्र वर्षानुवर्षं पेटीत पडून राहतं आणि एका दिवशी, एका मिनिटात, पहिल्याच फटक्यात त्याने नीट चालावं अशी आपली अपेक्षा असते. घर्षण पृष्ठभागावर अवलंबून असतं. अस्तरावर ओल आली, तेलाचा थेंब पडला, घासून चकाकी आली, की ब्रेक बदलला. आणि तो बदलला हे पेटी उघडून पाहणाऱ्याला दिसेलच असं नाही. चुंबकी ब्रेकमध्ये ड्रमसोबत धातूची चकती चुंबकांच्या फटीतून फिरते, आणि हे दोन भाग एकमेकांना भेटतच नाहीत. मधे हवेची फट असते. झिजायला काही नाही, आणि फटीत थोडी ओल आली तरी ब्रेकला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून भिंत चढण्याच्या व्यायामशाळांमध्ये या ब्रेकने आधी जम बसवला. कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या हेड रश कंपनीचं ट्रूब्लू हे तिथलं ओळखीचं नाव. चढणारा हात सोडतो, यंत्र त्याला सावकाश खाली आणतं, लगेच दुसरा चढतो, दिवसभर हेच. हे सुटकेचं साधन नव्हे. पण एवढ्या उतरणी सोसायच्या असतील तर घासणारं काही नसलेलं बरं, हे त्यावरून दिसतं.

आता खरी मेख. चुंबकी ब्रेकचा अडथळा वेगाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर अडथळा दुप्पट. मीटरला हेच हवं होतं. त्यामुळेच चकतीचा वेग वापरलेल्या विजेच्या प्रमाणात राहतो आणि युनिटं बरोबर मोजली जातात. माणसं उतरवताना मात्र हाच गुण अडचणीचा ठरतो. ऐंशी किलोच्या माणसासाठी सेकंदाला एक मीटर असा ब्रेक जुळवला, तर १२० किलोचा गडी दीड मीटरने उतरेल. ठीक आहे. पण तीस किलोचं पोर? सेकंदाला जेमतेम सदतीस सेंटिमीटर. साठ मीटरला दोन मिनिटं चाळीस सेकंद, आणि मानकाच्या खालच्या मर्यादेच्याही खाली. घर्षणाचे ब्रेक-शू इथे सरस ठरतात, कारण त्यांचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेच पोर त्या यंत्रावर सेकंदाला साठ सेंटिमीटरने उतरेल आणि तो गडी एक मीटर वीसने. चुंबक म्हणजे नवं, म्हणून ते चांगलंच, असं मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. चकती सलग ठेवायची नाही. रोटरवर, म्हणजे ड्रमसोबत फिरणाऱ्या भागावर, धातूचे पंख बिजागरीने बसवायचे आणि स्प्रिंगने आत ओढून धरायचे. वेग वाढला की पंख बाहेर फेकले जातात आणि चुंबकांच्या फटीत शिरतात. जेवढे जास्त शिरतील, तेवढा धातूचा जास्त भाग चुंबकाच्या क्षेत्ररेषा कापतो आणि तेवढा ब्रेक वाढतो. हलकं पोर असेल तर पंख थोडेसेच आत येतात, जड माणूस असेल तर पूर्ण. स्प्रिंगचा ताण आणि पंखाचा आकार नीट जमवला, तर तीस किलो आणि १२० किलो यांच्या वेगात फारसं अंतर उरत नाही. ना सेन्सर, ना बॅटरी, ना सर्किट. आगीत सगळ्यात आधी वीज जाते, म्हणून हे बरंच.

दुसरी गोष्ट, वेग शून्य झाला की चुंबकी ब्रेक शून्य. तो माणसाला मधेच अडकवून ठेवू शकत नाही आणि थांबवूनही ठेवू शकत नाही. नुसत्या उतरणीसाठी हे फायद्याचं, कारण घाबरलेल्या माणसाला काहीच करायचं नसतं. लटकलं की उतरणं सुरू. पण बचाव पथकाला एखाद्या मजल्यापाशी थांबून कुणाला तरी सोबत घ्यायचं असेल, तर वेगळं कुलूप लागतं, आणि ते घासणारंच असतं.

उष्णतेचं काय? ऐंशी किलोचा माणूस सेकंदाला एक मीटरने उतरतो, तेव्हा ब्रेकमध्ये सातशे-ऐंशी वॅट उष्णता तयार होते, घरातल्या इस्त्रीएवढी. साठ मीटरला एकूण सत्तेचाळीस हजार ज्यूल. एक किलो ॲल्युमिनियममध्ये ती सगळी साठली, तर ते पन्नासेक अंशांनी तापेल. एका माणसाला काहीच नाही. पण लगोलग पाच-सहा उतरले की गोष्ट बदलते. तापलेल्या धातूचा विद्युतरोध वाढतो, शंभर अंशांना सुमारे चाळीस टक्के, आणि तेवढा ब्रेक मंदावतो. साधे निओडिमियम चुंबक ऐंशी अंशांच्या पुढे आपली ताकद गमावू लागतात, आणि ती गेलेली ताकद थंड झाल्यावर पूर्ण परत येईलच असं नाही. म्हणून जास्त तापमान सोसणाऱ्या जातीचे चुंबक किंवा सरळ समेरियम-कोबाल्ट वापरावे लागतात. म्हणूनच ईएन ३४१ उपकरणांना ऊर्जेवरून वर्ग देतं. ‘अ’ (A) वर्गाने एकूण पंच्याहत्तर लाख ज्यूल पचवले पाहिजेत. शंभर किलो वजन साठ मीटरवरून धरलं, तर या सव्वाशेहून जास्त उतरणी झाल्या. ‘क’ (C) वर्गाला पाच लाख, म्हणजे आठेक उतरणी. ‘ड’ (D) वर्ग एकदाच वापरायचा आणि फेकून द्यायचा. विकत घेताना पेटीवरचं हे एक अक्षर बघा, बाकी छापील गोष्टी नंतर.

आणखी एक बारकावा. वेग वाढला की ब्रेक वाढतो, हे एका मर्यादेपर्यंतच खरं. त्यापुढे एडी करंटचं स्वतःचं क्षेत्र एवढं वाढतं की ते चुंबकाच्या क्षेत्रालाच बाहेर ढकलतं आणि ब्रेक उलट कमी होतो. दोन मिलिमीटर जाडीच्या तांब्यासाठी हा वेग ढोबळमानाने सेकंदाला दहा-पंधरा मीटर. माणूस एवढ्या वेगाने उतरत नाही, पण गिअर लावून चकती दहापट वेगाने फिरवली, तर तिची कड सहज तिथे पोचते. त्यात दोरी ढिली असताना कुणी खिडकीतून उडी घेतली, तर पहिल्या झटक्यात चकती ती मर्यादा ओलांडू शकते. दोरी ताणलेली ठेवूनच बाहेर व्हा, ही सूचना एवढी ठासून देतात त्यामागे माणसाला बसणारा हिसका आहेच, हेही आहे.

पवनचक्कीचं सांगतो, कारण या यंत्राची खरी जागा तीच. २९ ऑक्टोबर २०१३ रोजी नेदरलँड्समध्ये ओल्तखेन्सप्लाट इथे एका पवनचक्कीला देखभाल चालू असताना आग लागली. वर चार तंत्रज्ञ होते. दोघे सुटले, दोघे वर अडकले आणि गेले. पवनचक्कीच्या माथ्यावर बाहेर पडायला आतल्या शिडीशिवाय वाट नसते. आग शिडीच्या तोंडाशी असली तर उरते फक्त दोरी. आपल्याकडे पाटणजवळ वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळ्याच्या साक्री भागात जी पोरं रोज या खांबांवर चढतात, त्यांच्यासाठी हे यंत्र शोभेचं नव्हे. त्यांना ते डोळे झाकून बांधता आलं पाहिजे. तिथे माणसं दोन-चार, सगळी धडधाकट, सगळ्यांच्या अंगावर हार्नेस, म्हणजे दोरीला अडकवायचा पट्ट्यांचा साज, आधीच चढवलेला.

समोरून चिठ्ठी आली आहे: ‘आमच्या बावीस मजली सोसायटीने गच्चीवर असं यंत्र बसवावं का?’ माझं उत्तर हिशेबातूनच देतो. वरच्या मजल्यांवर चाळीस माणसं अडकली आहेत असं धरा. उतरायला एकेकाला एक मिनिट. आधी हार्नेस चढवणं, हूक तपासणं, कठड्यावरून पाय टाकायला धीर गोळा करणं, यात कमीत कमी दोन-तीन मिनिटं. सत्तरीच्या गृहस्थाला त्याहून जास्त. खाली पोचलेल्याचा हार्नेस काढून दुसरा चढवायचा, तो वेळ वेगळा. अडीच तास सहज गेले. तेवढ्या वेळात माणसं धुराने गेलेली असतील. चांगला बंद होणारा जिना, न अडवलेले अग्निरोधक दरवाजे आणि मोकळा ठेवलेला रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला राखलेली जागा, हे चाळीस माणसांना दहा-पंधरा मिनिटांत वाचवतात. तुमच्या सोसायटीत रेफ्यूज एरियात सायकली आणि जुने सोफे आहेत की नाहीत, ते आज घरी जाताना बघा. ते हलवून झाले, सरावाची फेरी झाली, आणि तरीही पैसे शिल्लक असतील, तर एक यंत्र घ्या. हूक अडकवायची जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या, गच्चीच्या कठड्याच्या रेलिंगला मात्र ते कधीही बांधू नका.