जेल रोडचे शेंगोळे

(दृश्य : स्टीलचं ताट. हुलगे निवडणारी बोटं.)

शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या, अर्थात कुळथाच्या, पिठाची वळून रस्स्यात शिजवलेली कडी. हुलगा आणि मुरमाचा बारीक खडा, दोन्हींचा रंग जवळपास एकच. म्हणून हुलगे निवडताना नुसत्या नजरेवर भागत नाही. ताट कलतं धरायचं, मूठभर हुलगे पुढे ओढायचे आणि बोटाने चाचपत जायचं. खडा बोटाला थंड लागतो, हुलगा लागत नाही, असं काका सांगतात. एखादा खडा नजर चुकवून गिरणीत गेला, तर सगळ्या पिठाला कचकच येते, आणि त्या पिठावर मग काही इलाज नसतो.

नाशिक रोड. जेल रोडवरच्या एका इमारतीचा दुसरा मजला. काकांचं वय ६७. सगळी नोकरी प्रेसमध्ये झाली. नाशिक रोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुढे सांगावं लागत नाही. टपाल तिकिटं, मुद्रांक आणि पासपोर्ट छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस, या दोन ठिकाणांवर इथल्या कितीतरी घरांचे संसार उभे राहिले. काकांचं काम मोजणीचं होतं. कागद आत किती आला, छापून किती निघाला, त्यातला खराब किती. खराब झालेल्या कागदाचाही पुरता हिशेब लागायचा.

(दृश्य : खिडकीबाहेर धुकं. अंगात स्वेटर, कानाला मफलर.)

डिसेंबर चालू आहे. निफाडला पारा उतरला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा येतो. द्राक्षवाले पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात. आणि इकडे घराघरांत हुलग्याचा डबा फळीवरून खाली उतरतो. शेंगोळे हे थंडीतलं खाणं. उष्ण पडतात, म्हणून उन्हाळ्यात सहसा कोणी त्यांच्या वाटेला जात नाही.

नाशिकच्या खाण्यावर काही करायचं म्हटलं की मिसळीपासून सुरुवात होते. मिसळ आहेच तशी, तिच्याबद्दल दुमत नाही. पण मिसळ आपण बाहेर जाऊन खातो. थंडीच्या संध्याकाळी दार लावून घेतल्यावर घरात काय शिजतं, ते बघायला आम्ही इथे आलो.

आणि एक गोष्ट आधीच बोलायला हवी. हे शेंगोळे काकांच्या आईने जन्मभर केले. लग्न होऊन आल्यावर काकूंनी केले. तेव्हा कोणी कॅमेरा घेऊन त्यांच्या दारात गेलं नाही. काकांनी निवृत्तीनंतर हातात पळी धरली आणि आम्ही लगेच हजर झालो. काकांचं कौतुक करायचंच आहे, पण पातेल्यात उकळतंय ते ज्ञान त्या दोघींचं आहे. काका स्वतःही ते सांगायला विसरत नाहीत.

स्वयंपाकघरात ते शिरले काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे. काकूंना ओट्याशी उभं राहायची मनाई होती. पहिले काही दिवस डबा आला. डब्यातली भाजी काकूंना उतरेना. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली आणि तिथूनच सूचना द्यायला सुरुवात केली.

काका : “ही सांगायची, मी करायचो. पहिल्या भाकरीचा तर नकाशा झाला होता. पण हिने ती खाल्ली. नंतर गुडघा बरा झाला, पण ओटा काही मी सोडला नाही.”

काकू : “सोडतील कसे? आता मला मिठाचा डबासुद्धा विचारून घ्यावा लागतो.”

(दृश्य : सिन्नर तालुक्यातलं माळरान. मुरमाड शेत.)

काकांचं मूळ गाव सिन्नर तालुक्यात, पूर्वेच्या अंगाला. नाशिक जिल्ह्यात पावसाची मोठी गंमत आहे. घाटमाथ्यावरची इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर पावसाने झोडपून निघतात, आणि तोच पाऊस सिन्नर, येवल्याकडे पोचेपर्यंत संपत येतो. अशा हलक्या, मुरमाड रानात बाजरी आणि हुलगा हीच भरवशाची पिकं. हुलग्याला पाणी कमी लागतं, खताची फार आस नसते. शिवाय कडधान्य असल्यामुळे ते जमिनीला नत्र देतं. पिकलेला हुलगा माणसाच्या ताटात यायचा, तसाच भरडून आणि भिजवून बैलांपुढेही जायचा. बैलांचं खाणं म्हणून काही घरांत त्याला नाकं मुरडली गेली. मला हा अन्याय वाटतो. १०० ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, त्यात बाजरीला पुन्हा मान मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण त्याच बाजरीच्या शेतात तिच्या जोडीने वाढणारा हुलगा मात्र मागेच राहिला.

सिन्नरला विडीचा धंदा मोठा होता. रानात काम नसलं की काकांची आई विड्या वळायची. तेंदूचं पान कात्रीने बेतून कापायचं, तंबाखू पसरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी दर हजार विड्यांमागे. दिवसभर हेच. दिवेलागणीला राखेने हात खसाखसा घासायची, आणि मग त्याच बोटांनी परातीशी बसून शेंगोळे वळायची.

काका : “विडीच्या तंबाखूचा वास हाताला राहू नये म्हणून तीन-तीनदा हात धुवायची. आणि वळायची असं की बस! कंदील बारीक असायचा, पण एक जाड, एक बारीक, असं कधी व्हायचं नाही.”

१९७२ च्या दुष्काळात काका चौदा-पंधरा वर्षांचे होते. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथे सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी.

काका : “मिलोची भाकरी धड थापता यायची नाही, मोडायची. पुढच्या साली पाऊस झाला, हुलगा आला, आणि आईने पातेलंभर शेंगोळे केले. त्या दिवशी आम्ही भावंडं किती जेवलो, ते विचारू नका.”

(दृश्य : लोखंडी कढई. हुलगे भाजले जात आहेत.)

निवडलेले हुलगे मंद आचेवर भाजायचे. घाई केली तर वरून करपतात, आत कच्चे राहतात. दाणे तडतडायला लागले आणि मातीला पहिला पाऊस लागावा तसा खरपूस वास घरभर झाला की उतरवायचे. गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत, नाहीतर वाफ धरते.

गिरणीत काका सकाळी जात नाहीत. सकाळी गव्हाची रांग असते, आणि हुलग्यामागोमाग गहू दळला तर पुढच्या घरच्या पोळ्या काळपट होतात. म्हणून गिरणीवाला हुलगा दुपारी, हरभऱ्याची डाळ झाली की घेतो. काका डबा ठेवतात आणि तिथेच स्टुलावर बसतात. पीठ फार बारीक नको, हाताला किंचित रवाळ लागायला हवं. बाजरी ते एकावेळी थोडीच दळून आणतात. बाजरीत तेलाचा अंश असतो, पीठ ठेवलं की काही दिवसांतच कडवट होतं. बाजारातल्या बाजरीच्या पिठाच्या भाकऱ्या कडू लागतात, अशी तक्रार करणाऱ्यांनी पुडीवरची तारीख बघावी.

(दृश्य : पाटा-वरवंटा.)

तीन वाट्या हुलग्याचं पीठ. एक वाटी ज्वारीचं. मूठभर गव्हाचं, शेंगोळा सुटू नये म्हणून. लसणाचा अख्खा गड्डा, जिरं, हिरव्या मिरच्या आणि मीठ पाट्यावर ओबडधोबड वाटलेलं. हळद, तीळ, कोथिंबीर. पाणी जपून. पीठ घट्ट भिजलं पाहिजे, भाकरीच्या पिठापेक्षा बरंच घट्ट. सैल झालं की शेंगोळे आधणात विरघळून त्यांचं पिठलं होतं.

आता वळायचं काम. काका परात पालथी घालतात. तिच्या पाठीला तेलाचा हात. लिंबाएवढा गोळा घेऊन तळहाताखाली पुढे-मागे फिरवतात. आधी गोळ्याची लांबट वळी होते, मग ती दोन्ही बाजूंना सरकत करंगळीपेक्षा बारीक होते. मधोमध जोर दिला तर तुटते. म्हणून हात मधून टोकाकडे न्यायचा आणि टोकाशी अलगद उचलायचा. मग दोन्ही टोकं एकावर एक आणून अंगठ्याने दाबायची. कडं तयार. हा दाब नीट बसला नाही तर उकळताना कडं उघडतं. काकांचा अंगठा प्रत्येक कड्यावर तितकाच वेळ थांबतो. चाळीसेक वर्षं कागद मोजलेला हात आहे तो.

तयार शेंगोळे ते ताटात दहा-दहाच्या ओळींनी मांडतात.

काकू : “अहो, तिकिटं आहेत का ती?”

काका : “माणशी बारा लागतात. मोजलं नाही तर कमी पडतात.”

(दृश्य : पितळी पातेलं. फोडणी.)

पातेलं काकूंच्या माहेरचं, पितळी, कल्हई केलेलं. कल्हई उडाली की काका भांडी बाजारात चक्कर मारतात. तेल सढळ. जिरं, हिंग, आणि ठेचलेला लसूण पुन्हा एकदा, भरपूर. लसूण लालसर झाला की लाल तिखट घालून लगेच पाणी, नाहीतर तिखट जळतं आणि घरभर ठसका उठतो. पाण्याला खळखळून उकळी आली पाहिजे. या आधणात शेंगोळे एकेक करून सोडायचे, आणि मग काही वेळ पळी अजिबात लावायची नाही. इथे नवशिका माणूस हमखास घाई करतो. शेंगोळा शिजून आवळेपर्यंत त्याला धक्का लागला की तो मोडतो. काका हात मागे बांधून उभे आहेत.

पाच-सात मिनिटांनी शेंगोळे वर येतात. परातीला चिकटलेलं पीठ काका पाण्यात कालवून तेही पातेल्यात ओततात. त्याने रस्सा दाट होतो आणि परातही धुतली जाते. झाकण अर्धवट. वीसेक मिनिटं मंद आच. शिजलं का ते बघायचं तर एक शेंगोळा मधून तोडायचा. आत कोरडं पीठ दिसलं तर अजून वेळ द्यायचा.

तोवर दुसऱ्या शेगडीवर तवा. बाजरीचं पीठ गरम पाण्यात मळलेलं. बाजरीला चिकटपणा नसतो, तो हाताने मळून आणावा लागतो, आणि तळव्याच्या बुडाने जितकं रगडाल तितकी भाकरी कडेला फाटत नाही. काकांच्या भाकरीचा आता नकाशा होत नाही. टम्म फुगते.

(दृश्य : जिना. झाकलेलं भांडं घेऊन काका खाली उतरतात.)

नाशिक रोडच्या इमारतीत सगळा उत्तर महाराष्ट्र भेटतो. खालच्या मजल्यावर जळगावकडचं कुटुंब आहे, त्यांच्याकडून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि ठेचा येतो. वर बागलाणचे लोक आहेत. शेंगोळ्यांचं भांडं खाली-वर जातं आणि रिकामं कधीच परत येत नाही.

(दृश्य : जेवण. जमिनीवर मांडलेली ताटं.)

खोलगट ताटात शेंगोळे आणि त्यांचा दाट, तपकिरी रस्सा. वरून काकूंना साजूक तूप, काकांना शेंगदाण्याचं कच्चं तेल. भाकरी रस्स्यात कुस्करायची. कांदा बुक्कीने फोडलेला. पहिल्या घासाला लसूण लागतो, मग तिखट. हुलग्याची मातकट, खमंग चव सगळ्यात शेवटी येते आणि जिभेवर राहते. हे हलकं जेवण नाही. दिवसभर खडी फोडून किंवा नांगर धरून आलेल्या माणसाचं पोट भरावं, आणि रात्रीच्या थंडीतही ऊब टिकावी, यासाठी ते घडलं आहे. आम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि काकू तिसऱ्यांदा वाढायला तयारच होत्या.

उरलेले शेंगोळे सकाळपर्यंत सगळा रस्सा पिऊन टाकतात. मग तवा, थोडं तेल, आणि खरपूस होईपर्यंत परतायचं. माझ्या मते खरं तर तेच जास्त चांगले लागतात. पण ते खाण्यासाठी आदल्या रात्री हात आवरता आला पाहिजे.

ताटं उचलता उचलता उद्याचं ठरतं. उद्या उडदाची आमटी. तिला काळा मसाला लागतो : धने, दगडफूल, मिरी, लवंग, सुकं खोबरं, आणि काळसर होईपर्यंत भाजलेला कांदा. काकू फळीवरची बरणी उघडून हलवून बघतात.

काकू : “तळाला गेलाय. उद्या खोबरं मी किसते. कांदा तुम्ही भाजा, पण घाबरून अर्धवट उतरवू नका.”

काका : “काळा झाला तर ओरडशील.”

काकू : “काळाच करायचाय हो तो.”